काळजी कधी आजार होते?

“काळजी तर सगळ्यांनाच वाटते. मग माझी काळजी आजार आहे, हे ठरवायचं कशावरून?”

हा प्रश्न विचारणाऱ्याच्या मनात बहुतेक वेळा दोन उलट्या शंका एकदमच असतात. मी उगाच बाऊ करतोय का, ही एक. आणि मला वेड तर लागणार नाही ना, ही दुसरी. पहिल्या शंकेपायी माणूस वर्षानुवर्षं डॉक्टरची पायरी चढत नाही आणि दुसरीपायी चढायला धजत नाही. म्हणून उपचारांकडे वळण्याआधी साधी काळजी आणि चिंताविकार यांच्यामधली रेघ नेमकी कुठे आहे ते पाहू. लोक ती भीतीच्या आकारात शोधतात. भीती मोठी म्हणजे आजार, लहान म्हणजे स्वभाव, असा सर्वसाधारण समज आहे. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त चूक होते.

१. तीन माणसं, एकच धडधड

रायपूरहून धमतरीकडे जाणाऱ्या रस्त्यावर अभनपूर लागतं. धानाच्या शेतांमधलं तालुक्याचं गाव, आणि आता नवा रायपूर त्याच्या अगदी शेजारी येऊन ठेपलेलं. समजा, या गावात तीन माणसं राहतात. तिघंही या प्रकरणापुरती कल्पिलेली आहेत, पण त्यांना होणारा त्रास रोजच्या पाहण्यातला आहे.

पहिला शेतकरी. धान पेरून महिना झाला. शेतात पाणी साचलं की उभ्या पिकात उथळ नांगर फिरवायचा, त्याला इकडे बियासी म्हणतात. पण पावसाने दडी मारली आहे, सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. रात्री दोनला त्याला जाग येते आणि मग तो अंगणात येरझाऱ्या घालत राहतो. दुसरी बारावीची मुलगी. उद्या भौतिकशास्त्राचा पेपर. घास गिळवत नाही, पोटात गोळा आलेला, हातपाय गार.

तिसरी एक शिक्षिका. नागपूरकर भोसल्यांच्या राजवटीपासून छत्तीसगडात मराठी घरं रुजली आहेत, त्यांतल्याच एका घरातली ही सून. ती रायपूरच्या एका शाळेत शिकवायची. वर्षभरापूर्वी बस पचपेढी नाक्याच्या अलीकडे अडकलेली असताना अचानक तिची छाती धडधडायला लागली, श्वास पुरेना, ओठांना मुंग्या आल्या, आणि आता आपण मरणार अशी तिची खात्रीच झाली. ती बसमधून उतरली. रिक्षाने दवाखान्यात गेली. ईसीजी चांगला निघाला. डॉक्टर म्हणाले, काही नाही, विश्रांती घ्या. पण पुढच्या आठवड्यात बसच्या पायरीवर पाय ठेवतानाच पुन्हा धडधड. तिने बस सोडली. मग गर्दीचा बाजार सोडला, मग लग्नकार्यं. हल्ली ती बिनपगारी रजेवर घरी असते आणि घरी असताना तिला काहीही होत नाही.

आता सांगा, भीती कोणाची मोठी? शेतकऱ्याची. त्याचं वर्षभराचं उत्पन्न पणाला लागलेलं आहे. शिक्षिका तर दिवसचे दिवस शांत असते. तरीही तिघांपैकी उपचारांची गरज तिला आहे. असं का, हे समजायला आधी भीती शरीरात काय करते ते पाहावं लागेल.

२. राखणीचा कुत्रा

दारातला राखणीचा कुत्रा पाऊल वाजलं की आधी भुंकतो आणि कोण आलंय ते मागाहून बघतो. चोर आला आणि कुत्रा विचार करत बसला, तर राखण कसली? आपल्या मेंदूतही असा एक राखणदार आहे. बदामाच्या आकाराच्या त्या भागाला अमिग्डाला म्हणतात. धोक्याची चाहूल लागली की विचार करणारा मेंदू ‘हे नक्की काय आहे’ असं म्हणेपर्यंत अमिग्डालाने भुंकायला सुरुवात केलेली असते. मूत्रपिंडांच्या डोक्यावरच्या ग्रंथी रक्तात अ‍ॅड्रिनलिन सोडतात आणि काही सेकंदांत सारं शरीर पळायला किंवा लढायला सज्ज होतं.

हे प्रयोगाने दाखवलं हार्वर्डच्या वॉल्टर कॅनन यांनी. क्ष-किरणांचा शोध नवा असताना ते मांजरांच्या पोटात अन्न कसं सरकतं ते पाहत होते, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबते. पुढे १९११ मध्ये त्यांनी मांजरासमोर भुंकणारा कुत्रा आणला आणि घाबरलेल्या मांजराच्या रक्तात अ‍ॅड्रिनलिन उतरलेलं दाखवलं. भूक, वेदना, भीती आणि राग यांनी शरीरात होणाऱ्या बदलांवरचं त्यांचं पुस्तक १९१५ मध्ये आलं. ‘लढा किंवा पळा’ ही कल्पना तिथून रूढ झाली.

हे कळलं की एकेका लक्षणाचा उलगडा होतो. हृदय जोरात धावतं, कारण मांड्यांच्या स्नायूंना रक्त हवं असतं. हातपाय गार पडतात, कारण कातडीचं रक्त आत वळवलेलं असतं. पोटात गोळा येतो, कारण पळताना पचनाचं काम नाही. तोंडाला कोरड पडते, घाम फुटतो, पुन्हा पुन्हा लघवीला जावंसं वाटतं. श्वास भराभर चालतो, पण माणूस पळत नसतो, बसच्या सीटवर बसलेला असतो. त्यामुळे रक्तातला कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा जास्त बाहेर जातो. ओठांना आणि बोटांना मुंग्या येतात त्या त्यामुळे, गरगरतं तेही त्यामुळेच. श्वास कमी पडतोय असं वाटत असतं, प्रत्यक्षात तो जास्त चाललेला असतो.

बारावीतल्या मुलीचा कुत्राही भुंकतोय, आणि ते बरंच आहे. थोडी धास्ती असते म्हणून आदल्या रात्री पुस्तक उघडलं जातं. रॉबर्ट यर्क्स आणि जॉन डॉडसन यांनी १९०८ मध्ये उंदरांना विजेचे सौम्य-तीव्र झटके देऊन ते किती लवकर शिकतात ते पाहिलं. काम अवघड असेल तेव्हा झटका फार सौम्य असूनही चालत नव्हतं आणि फार तीव्र असूनही. मधल्या ताकदीला उंदीर सगळ्यात लवकर शिकत होते. माणसांना हा नियम तसाच्या तसा लावू नये. पण परीक्षेची जराही भीती नसलेला मुलगा आणि भीतीने कोरा पेपर देणारा मुलगा, दोघंही आपण पाहिलेले असतात.

३. मग फरक कुठे?

धडधड तीच, अ‍ॅड्रिनलिन तेच. म्हणून छातीवर हात ठेवून आजार ओळखता येत नाही. डॉक्टर आजूबाजूचे प्रश्न विचारतात. कारण काय? काळजी कारणाच्या मानाने किती? कारण सरलं की ती सरते का? ठरवून बाजूला ठेवता येते का? किती दिवस चालली आहे? आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे तिच्यामुळे तुमचं काय काय बंद पडलं?

शेतकऱ्याची काळजी कारणाला धरून आहे. तो शेजाऱ्याच्या बोअरचं पाणी मिळेल का ते विचारून आला आहे, बियासी लांबली तर काय करायचं याचा हिशेब त्याने मांडला आहे. काळजी त्याला कामाला लावते. दोन दिवस दमदार पाऊस झाला की तो गाढ झोपेल. मुलीचा पेपर संपला की ती मैत्रिणींबरोबर चाट खायला जाईल.

इथे एक सावधगिरी हवी. कारण खरं आहे म्हणून आजार होणारच नाही, असं मुळीच नाही. पाऊस पडला, पीक उभं राहिलं, आणि तरी शेतकऱ्याची झोप परतलीच नाही; काळजी पावसावरून मुलाच्या नोकरीवर, तिथून स्वतःच्या रक्तदाबावर, तिथून घराच्या भिंतीवर सरकत राहिली, तर तोही रेघ ओलांडतो आहे. गरिबी, कर्ज, आजारपण हे सगळं चिंताविकाराला खतपाणी घालतं. “त्याला टेन्शन आहे, साहजिकच आहे” असं म्हणून अशा माणसाला वाऱ्यावर सोडणं मला अन्यायाचं वाटतं.

मुदतीचं म्हणाल तर पुस्तकांत आकडे आहेत. अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमावलीप्रमाणे, सतत सगळ्याचीच काळजी लागून राहणं सहा महिने चाललं, आवरता आवरेना, आणि सोबत झोप, थकवा, चिडचिड, स्नायू आखडणं असा त्रास असला तर त्याला व्यापक चिंताविकार म्हणतात. धडकीचे झटके आणि त्यानंतर पुढच्या झटक्याचा धसका महिनाभर टिकला तर तो पॅनिक डिसऑर्डर. हे आकडे तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेले आहेत. कॅलेंडरवर खुणा करत सहावा महिना उलटायची वाट पाहू नये. काम, घर, नाती अडायला लागली की तीच वेळ.

४. टाळण्याचं गणित

शिक्षिकेकडे परत जाऊ, कारण तिच्या वर्षभरात या आजाराचं सगळं यंत्र उघडं पडतं.

दारावरून रोज पोस्टमन जातो. कुत्रा भुंकतो. पोस्टमन पुढच्या घरी जातो, कारण त्याला जायचंच होतं. कुत्र्याच्या हिशेबी मात्र आपण भुंकलो म्हणून तो पळाला. उद्या तो आणखी लवकर, आणखी जोरात भुंकेल. पोस्टमन चोर नव्हता हे त्याला कधीच कळणार नाही, कारण पोस्टमन कधी दारात थांबलेलाच नाही.

शिक्षिका बसमधून उतरली आणि तिचा जीव भांड्यात पडला. धडधड थांबली. ती न उतरता बसून राहिली असती तरी थांबलीच असती, कारण असा झटका काही मिनिटांत टोकाला जातो आणि बहुधा अर्ध्या तासाच्या आत ओसरतो. शरीराला तो तारस्वर फार वेळ टिकवता येत नाही. पण तिच्या मेंदूने नोंद केली ती वेगळीच: उतरलो म्हणून वाचलो. पुढच्या वेळी बस दिसताच इशारा आला. तिने बस टाळली, पुन्हा हायसं वाटलं, नोंद आणखी पक्की झाली. टाळल्याने मिळणारा हा सुटकेचा क्षण इतका खरा असतो की त्याचं व्याज कोणी मोजत नाही. आज बस, उद्या बाजार, परवा पुतणीचं लग्न.

टाळणं नेहमी इतकं उघड नसतं, म्हणून बारकाईने पाहावं लागतं. बाहेर पडायचं, पण नवरा सोबत असेल तरच. सभेला जायचं, पण दाराशेजारच्या खुर्चीत बसायचं. पर्समध्ये पाण्याची बाटली, लिमलेटच्या गोळ्या आणि झटका आलाच तर घ्यायची ‘ती’ एक गोळी असल्याशिवाय उंबरठा ओलांडायचा नाही. मुलगा रायपूरहून निघाला की दर दहा मिनिटांनी फोन करून “कुठे पोचलास?” विचारायचं. व्यापक चिंताविकारात तर काळजी करत राहणं हाच बंदोबस्त होऊन बसतो: मी सगळं वाईट आधीच मनात आणून ठेवलं, म्हणून ते घडलं नाही.

साध्या काळजीत माणूस प्रसंगाला सामोरा जातो, थरथरत का होईना. चिंताविकारात आयुष्य प्रसंगाला वळसे घालत आक्रसत जातं. रेघ आहे ती इथे.

५. धडकीचा झटका आणि इतर रूपं

शिक्षिकेला झाला तो पॅनिक अटॅक. अभनपूरच्या आसपासच्या खेड्यांतल्या बाया “जी घबराथे” म्हणतात, मराठी घरात “जीव घाबरा होतो” म्हणतील. त्याचा अर्थ माणूस काय लावतो यावर तो कुठे जाणार ते ठरतं. हृदयविकार वाटला तर ईसीजी, टूडी इको, पुन्हा ईसीजी. बाधा वाटली तर बैगा किंवा देवऋषी. डॉक्टरही एके काळी हृदयातच शोधत होते. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या सैनिकांना धडधड, धाप आणि छातीत दुखण्याचा त्रास व्हायचा; जेकब डा कोस्टा यांनी १८७१ मध्ये त्याचं वर्णन ‘चिडकं हृदय’ असं केलं. त्यांतल्या पुष्कळांच्या हृदयात कसलाच बिघाड सापडत नव्हता.

झटक्यात माणसाला सगळ्यात मोठी धास्ती असते ती भर गर्दीत चक्कर येऊन पडण्याची. बेशुद्धी बहुतेक वेळा येते रक्तदाब एकदम घसरल्याने. धडकीच्या झटक्यात हृदय जोरात चालतं, दाब घसरत नाही, बऱ्याचदा वाढतोच. म्हणून गरगरल्यासारखं वाटलं तरी माणूस सहसा कोसळत नाही. याला एक अपवाद आहे, आणि तो फार रंजक आहे. रक्त, जखम किंवा इंजेक्शनची सुई पाहून घाबरणाऱ्यांचा दाब आधी चढतो आणि मग धाडकन उतरतो. ते खरंच पडतात. त्यांना अंग सैल सोडायला सांगणं चुकीचं ठरतं. हातापायांचे आणि पोटाचे स्नायू दहा-पंधरा सेकंद घट्ट आवळायचे, सोडायचे, पुन्हा आवळायचे, अशी युक्ती स्वीडनचे लार्स-गोरान ओस्ट यांनी रूढ केली, आणि तिचा उपयोग होतो.

बाकीची रूपं थोडक्यात. चारचौघांत बोलताना, जेवताना, सही करताना लोक आपल्याला जोखतील ही भीती कायमची बसली की तो सामाजिक चिंताविकार. याला लाजाळूपणा म्हणून वर्षं वाया जातात. उंची, पाल, कुत्रा, बंद लिफ्ट अशा एकेका गोष्टीची तीव्र भीती म्हणजे फोबिया. जिथून चटकन निसटता येणार नाही अशा जागा टाळत सुटणं म्हणजे अ‍ॅगोराफोबिया, आणि शिक्षिका पॅनिकवरून हळूहळू तिकडेच सरकली आहे. पुन्हा पुन्हा हात धुण्याचा मंत्रचळ आणि अपघातानंतरचा मानसिक आघात हे याच नात्यातले विकार आहेत, पण नियमावलीत त्यांना आता वेगळं घर दिलेलं आहे.

६. सात प्रश्न, एकवीस गुण

रॉबर्ट स्पिट्झर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये सात प्रश्नांची एक चाचणी तयार केली. तिचं नाव जीएडी-७. गेल्या दोन आठवड्यांत हे त्रास किती वेळा झाले, एवढंच ती विचारते: अस्वस्थ, ताणलेलं वाटणं, काळजी थांबवता न येणं, नाना गोष्टींची फार काळजी, निवांत होता न येणं, एका जागी बसवेनासं होणं, चटकन चिडणं, आणि काहीतरी भयंकर घडणार असं वाटणं. मुळीच नाही तर ०, काही दिवस १, निम्म्याहून जास्त दिवस २, जवळजवळ रोज ३.

आपल्या शेतकऱ्याची झोप परतलीच नाही आणि पाऊस झाल्यावर दोन महिन्यांनी त्याने ती भरली असं धरू. क्रमाने २, ३, ३, २, १, २, १. बेरीज १४. पाचपासून पुढे सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. दहा किंवा जास्त आले की डॉक्टरांशी बोलावं, असा संकेत आहे. चौदा गुण म्हणजे निदान नव्हे. थायरॉइड वाढलेल्या माणसालाही इतके गुण पडू शकतात. आणि शिक्षिकेला कदाचित सहाच पडतील, कारण टाळून टाळून तिने घरातले दिवस शांत करून ठेवले आहेत. चाचणी ती काय करत नाही हे विचारत नाही. म्हणून कागदाच्या जोडीला बोलणं लागतंच.

शरीराची तपासणीही आधी व्हायला हवी. थायरॉइडचा अतिरेक, रक्त कमी असणं, दम्याची काही औषधं, दिवसाला सात-आठ कप चहा, दारू एकदम सोडणं, या सगळ्यांत धडधड आणि थरथर होते. छत्तीसगड आणि विदर्भात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, त्यामुळे इकडे हिमोग्लोबिन पाहिल्याशिवाय ‘मनाचं आहे’ असं म्हणणं घाईचं ठरेल. छातीत दुखणं पहिल्यांदाच होत असेल, वय जास्त असेल, मधुमेह असेल तर दवाखाना गाठावाच.

७. अभनपूर ते रायपूर, टप्प्याटप्प्याने

टाळण्याने आजार वाढतो, तर उपचार उघड आहे: टाळणं उलटं फिरवायचं. पोस्टमनला अंगणात थांबू द्यायचं, कुत्रा भुंकून दमेपर्यंत. मात्र हे एकदम आणि जबरदस्तीने करायचं नसतं. समुपदेशक आणि रुग्ण मिळून भीतीच्या पायऱ्या लिहून काढतात आणि खालून वर जातात.

शिक्षिकेसाठी सोय चांगली आहे. अभनपूरची जुनी छोटी गाडी गेली आणि ३० मार्च २०२५ रोजी ब्रॉडगेजवर रायपूर-अभनपूर मेमू सुरू झाली. मधलं पहिलंच स्टेशन केंद्री, पुढे नवा रायपूर, मंदिर हसौद, मग रायपूर. तिच्या पायऱ्या अशा होतील. अभनपूर स्टेशनवर जाऊन बाकावर बसायचं, गाडी येते-जाते ते पाहायचं. भीतीला शंभरपैकी तीस गुण. नवऱ्याबरोबर केंद्रीपर्यंत, चाळीस. एकटीने केंद्री, साठ. मंदिर हसौद, सत्तर. एकटीने रायपूर, ऐंशी. शेवटी ती पचपेढी नाक्याची बस, गर्दीच्या वेळेला, शंभर.

प्रत्येक पायरीच्या आधी ती वहीत एक वाक्य लिहिते: काय होईल असं वाटतंय? “केंद्रीच्या आत मी बेशुद्ध पडेन.” परत आल्यावर खाली लिहायचं: प्रत्यक्षात काय झालं? “धडधडलं. गुण सत्तरला गेले. केंद्रीला उतरले तेव्हा पन्नास. पडले नाही.” दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. गुण सत्तरवरून पस्तीसवर आले की पुढची पायरी. मधेच उतरायचं नाही, आणि पर्समधली ती गोळी हळूहळू घरी ठेवायची, नाहीतर वाचल्याचं श्रेय गोळीला जातं. भीती शून्यावर आणणं हे यात उद्दिष्टच नाही. भीती असताना गाडीत बसता येतं, हे शिकायचं आहे.

अल्बर्ट एलिस या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने हे आधी स्वतःवर करून पाहिलं होतं. एकोणीस वर्षांचा असताना तो मुलींशी बोलायला कमालीचा घाबरायचा. न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधल्या वनस्पती उद्यानात बाकावर एकटी बसलेली जी कोणी दिसेल तिच्या शेजारी बसायचं आणि मिनिटभरात बोलायला सुरुवात करायची, असं त्याने ठरवलं. महिनाभरात एकशेतीस जणी. तीस उठून गेल्या, शंभर जणींशी बोलणं झालं. एकीने भेटायचं कबूल केलं, आणि तीही आली नाही. पण कोणी पोलिसांना बोलावलं नाही, कोणी अपमान केला नाही, आणि त्याची भीती गेली. पुढे १९५५ च्या सुमारास त्याने मांडलेली विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठीत आणली कि. मो. फडके यांनी, एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून आणि स्वतः मुंबईत शिकवून. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी १९९० मध्ये सुरू केलेल्या मानसिक आरोग्याच्या संस्थेनेही ही पद्धत सामान्य मराठी घरांपर्यंत नेली. या पद्धतीत हट्टाचे विचार पकडायला शिकवतात. “मुलगा सुखरूप यावा” ही इच्छा. “तो सुखरूप आहे याची मला आत्ता, या क्षणी खात्री हवीच” हा हट्ट. खात्री कोणालाच मिळत नसते, म्हणून हट्ट धरणाऱ्याचा फोन थांबत नाही.

८. गोळ्यांबद्दल

गोळ्या दोन जातींच्या, आणि लोक त्या एकाच पिशवीत टाकतात. एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन ही औषधं रोज घ्यायची असतात. पहिल्या काही दिवसांत अस्वस्थता किंचित वाढू शकते, मळमळ होते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात. “आठवडाभर घेतली, काही फरक नाही” म्हणून पुष्कळ जण इथेच सोडतात. त्यांची चटक लागत नाही, पण बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवून डॉक्टरांच्या सांगण्याने हळूहळू कमी करावी लागतात.

दुसरी जात अल्प्राझोलामची. वीस-तीस मिनिटांत शांत करते, म्हणूनच धोक्याची. रोज घेतली तर काही आठवड्यांत शरीर सरावतं, तेवढ्याने भागेनासं होतं, आणि एकदम थांबवली तर फिटसुद्धा येऊ शकते. कायद्याने ही गोळी एच-१ यादीत आहे. चिठ्ठीशिवाय विकायची नाही, विकली की नोंद ठेवायची. शेजारणीला लागू पडली म्हणून तिच्या पट्टीतली अर्धी गोळी घेणं, ही अनेक घरांतली सवय मोडायला हवी.

९. जायचं कुठे?

बेंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत मोठी मानसिक आरोग्य पाहणी केली. छत्तीसगड त्यात होतं, महाराष्ट्र नव्हता. ३४,८०२ प्रौढांशी बोलणं झालं. चिंता आणि ताणाशी निगडित विकार सुमारे साडेतीन टक्के लोकांत होते, बायकांत पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट. नैराश्य, चिंता, व्यसन असे सर्वत्र आढळणारे विकार असलेल्या माणसांपैकी साधारण ८५ टक्के उपचारांविना होती. शंभरातली पंच्याऐंशी. जगभरात २०१९ मध्ये चिंताविकार असलेली माणसं ३० कोटींवर होती, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांतल्या जेमतेम चौथ्या हिश्शाला उपचार मिळतात.

मनाचा डॉक्टर म्हटलं की इकडच्या लोकांच्या डोळ्यांसमोर बिलासपूरजवळचं सेंदरीचं मनोरुग्णालय येतं, विदर्भातल्यांच्या डोळ्यांसमोर नागपूरचं. चिंताविकारासाठी तिथे दाखल व्हायची गरज जवळजवळ कधीच पडत नाही. सुरुवात अभनपूरच्या सामुदायिक आरोग्य केंद्रातच करावी. छत्तीसगडच्या सरकारी डॉक्टरांना आणि ग्रामीण वैद्यकीय सहायकांना निम्हान्सने ऑनलाइन वर्गांतून हे आजार ओळखायला आणि त्यांवर उपचार करायला शिकवलं आहे. वस्तीतली मितानिन, म्हणजे २००२ पासून छत्तीसगडात काम करणारी आरोग्यसखी, सोबत येऊ शकते. त्यापुढे रायपूरच्या एम्समध्ये मनोविकार विभाग आहे. आणि १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मदतवाहिनीचा क्रमांक १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. दिवसरात्र, फुकट, मराठीतही आणि हिंदीतही. जगणं नकोसं वाटतंय असं कोणी बोलून दाखवलं तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता तो फिरवावा आणि त्या माणसाला एकटं ठेवू नये.

१०. घरच्यांसाठी

शिक्षिकेचा नवरा भला माणूस आहे. तो दोन वाक्यं आलटूनपालटून बोलतो. कंटाळलेला असला की “अगं, तुला काहीही झालेलं नाही, विचार करणं सोड.” मायेने बोलत असला की “नको जाऊस, मी आणतो बाजारातून.” पहिल्या वाक्याने तिला खोटं पाडल्यासारखं होतं; तिची धडधड खरीच आहे. दुसऱ्याने तिचं जग आणखी एका बाजाराने लहान होतं. मला दुसऱ्या वाक्याची जास्त काळजी वाटते, कारण ते प्रेमातून येतं आणि त्याला हरकत घ्यायला कोणी धजत नाही.

त्याने काय करावं? झटका आलेला असताना भाषण देऊ नये. शेजारी बसावं, “भीती आहे, ओसरेल, मी बसलोय” एवढं बोलावं, आणि स्वतःचा श्वास सावकाश ठेवावा. तिचा त्यामागे येतो. बाजारातून आणून देण्याऐवजी सोबत जावं, पुढच्या आठवड्यात बाजाराच्या कोपऱ्यावर थांबावं, त्यापुढच्या आठवड्यात घरी थांबावं. “मला काही होणार नाही ना?” असं तिने दिवसात दहाव्यांदा विचारलं तर दहाव्यांदा हमी देऊ नये, “हे आपण सकाळी बोललो, आता वहीत लिही” असं सांगावं. हमी ही त्या दोघांच्या मधली अर्धी गोळीच असते. आणि ती एकटीने केंद्रीला जाऊन परत आली की “त्रास नाही ना झाला?” हे विचारू नये. गाडी वेळेवर होती का, केंद्रीला किती वेळ थांबलीस, उद्या कुठपर्यंत जायचं ठरवलंयस, हे विचारावं.